गेल लोकांचे जुने देव आणि नवे उपासक



युरोपच्या अगदीं पश्चिमेला आयर्लंड आहे. त्याच्या ईशान्येस स्कॉटलंडचा डोंगराळ भाग व त्याला लागून असलेलीं बेटें आहेत, आणि आयर्लंड व इंग्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. एवढ्या मुलखांत परंपरेनें गेलिक भाषा बोलत आलेले जे लोक, ते गेल. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापूर्वीं त्यांचे देव पुष्कळ होते. नदी ही देवी होती, डोंगर हा देवीचा देह होता, गुहेंतून बाहेर पडणारी रणदेवताहि होती. हे जुने देव पुन्हां पुजूं लागलेले लोक आज आहेत. संख्येनें थोडे, तेहि विखुरलेले. कोणी आयर्लंडांत, कोणी स्कॉटलंडांत, आणि बरेचसे अटलांटिकपलीकडे अमेरिकेंत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांच्या उपासनेला आजचें रूप आलें.

या लोकांपुढें जो प्रश्न उभा आहे तो मोठा बिकट आहे, आणि त्याच्यासाठींच मी आजचा विषय निवडला. ज्या धर्माचा पुरोहितवर्ग नाहींसा झाला, ज्याचा एकहि मंत्र अखंड पाठांतरानें उतरत आला नाहीं, तो धर्म आजच्या माणसाला आचरतां येईल काय? आणि त्यानें तो आचरलाच, तर त्याला उपासना म्हणावें कीं सोंग?

प्रथम त्यांच्याजवळ भांडवल काय आहे तें पाहूं. प्रमाणग्रंथ असा नाहींच. ज्यूलियस सीझरनें गॉल देशांतील द्रुइद नांवाच्या पुरोहितांविषयीं लिहून ठेवलें आहे कीं, आपली विद्या लेखनांत उतरविणें ते निषिद्ध मानीत आणि शिष्याकडून ती वर्षानुवर्षें पाठ करून घेत. आपल्या घनपाठी ब्राह्मणांना हें ऐकून बरें वाटेल! परंतु पाठ म्हणणारीं मुखें बंद पडलीं म्हणजे अशा विद्येचा मागमूस राहत नाहीं. आयर्लंडांतील देवांच्या कथा उरल्या त्या ख्रिस्ती मठांतील साधूंनीं लिहून काढल्या म्हणून. आणि या कथांचीं मोठीं हस्तलिखितें सन ११०० च्या आसपासचीं व त्यानंतरचीं आहेत. लिहिणारा साधू; देवाला देव म्हणणें त्याला जड जाणारच. म्हणून त्यानें कोठें देवाला प्राचीन काळचा राजा करून टाकलें, कोठें जादूगार, तर कोठें टेकडीच्या पोटांत राहणारा अदृश्य पुरुष. ज्याच्या कढईंतून कोणीहि उपाशी उठत नाहीं असा दाग्दा, सर्व कलांत निपुण असा लू, रणांगणावर कावळ्याच्या रूपानें उतरणारी मोरिगन, हे सारे या अर्धवट पडद्याआडून दिसतात. पडदा किती आणि आंतला देव किती, हें निवडीत बसणें हाच आजच्या उपासकाचा पहिला अभ्यास.

दुसरें भांडवल मला अधिक मोलाचें वाटतें. तें म्हणजे शेतकऱ्याचें घर. १९३५ सालीं आयर्लंडच्या सरकारनें लोकपरंपरा टिपून ठेवण्यासाठीं एक आयोग नेमला. या आयोगानें १९३७ ते १९३९ या काळांत एक विलक्षण योजना अमलांत आणली. प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांना सांगण्यांत आलें कीं, नेहमींच्या निबंधाऐवजीं घरच्या व गांवच्या वृद्ध माणसांना विचारा आणि ते काय सांगतात तें लिहून आणा. कोणत्या विहिरीचें पाणी कशावर चालतें, पहिल्या मेला काय करावयाचें नाहीं, मृतांसाठीं ताट कोणत्या रात्रीं ठेवावयाचें, असे विषय. सुमारें ५,००० शाळांनीं यांत भाग घेतला, आणि वह्या व बांधीव खंड मिळून सात लाखांहून अधिक पानें जमलीं. निबंधाचा तास जन्मभर घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला या योजनेचा हेवा वाटतो. आज तें भांडार संगणकावर कोणालाहि उघडून पाहतां येतें, आणि जुन्या देवांचे नवे उपासक तें भक्तिभावानें वाचतात. स्कॉटलंडच्या बेटांवर असेंच काम अलेक्झांडर कारमायकेल या अबकारी खात्यांतील अंमलदारानें एकट्यानें केलें. दारूच्या भट्ट्या तपासावयास बेटोबेटीं हिंडणारा हा माणूस विस्तव झांकतांना म्हणावयाच्या, गाय दोहतांना म्हणावयाच्या प्रार्थना टिपून घेत असे. त्याच्या संग्रहाचे पहिले दोन खंड १९०० सालीं निघाले. टिपलेल्या पाठावर त्यानें स्वतःचा हातहि फिरविला, असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तेव्हां तेथेंहि पारखून घेणें आलेंच.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. मुलांना व कारमायकेलला ज्यांनीं हें सांगितलें ते वृद्ध लोक निष्ठावंत ख्रिस्ती होते. तुम्ही जुन्या देवांची पूजा करितां, असें त्यांना कोणी म्हणालें असतें तर त्यांनीं त्याला दारांत उभें केलें नसतें. नव्या उपासकानें या म्हातारीच्या ओंजळींतलें पाणी घ्यावयाचें, पण तिच्या मुखांतलें संताचें नांव वगळून तेथें देवीचें नांव घालावयाचें. हें कितपत न्याय्य, याबद्दल त्यांच्या-त्यांच्यांतहि वाद होतो, आणि तो होणें मला चांगलें लक्षण वाटतें.

आतां त्यांच्या वर्षाकडे वळूं. गेलांचा दिवस सूर्योदयाला सुरू होत नाहीं, सूर्यास्ताला होतो. अंधार आधीं, मग उजेड. म्हणून प्रत्येक सण आदल्या संध्याकाळीं लागतो. सण मुख्यतः चार: नोव्हेंबरच्या, फेब्रुवारीच्या, मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला. साउइन, इम्बोल्क, बेल्टेन व लूनसा अशीं त्यांचीं नांवें. हे सण गुराढोरांच्या व शेताच्या वेळापत्रकावर बसविलेले आहेत. आपला पोळा जसा बैलाशिवाय समजत नाहीं, तसे हे सण गाईशिवाय समजत नाहींत.

साउइनला उन्हाळा संपतो. डोंगरावर चरावयास गेलेलीं गुरें खालीं येतात. हिंवाळाभर पोसतां येणार नाहींत तीं मारलीं जातात. आणि त्या रात्रीं घरचे मृत परत येतात अशी समजूत. जुन्या घरांतून चूल झाडून, विस्तव चांगला फुलवून, जवळ एक आसन व कांहीं खाणें ठेवून मग माणसें निजावयास जात. बाहेर पाणी फेकावयाचें तर अदृश्य वाटसरूंना आधीं सावध करावयाचें. आजचा उपासक शहरांतील चौथ्या मजल्यावर राहतो. त्याला चूल कोठली? तो मेणबत्ती लावतो, एक ताट वाढून ठेवतो, आपल्या मृत आप्तांचीं आठवतील तितकीं नांवें घेतो, आणि जेवण मुकाट्यानें करतो. ज्या 'हॅलोवीन'च्या नांवाखालीं आपल्याकडील कांहीं इंग्रजी शाळांतून मुलांना राक्षसाचे मुखवटे चढवितात, त्याचें मूळ या रात्रींत आहे. एकोणिसाव्या शतकांत उपासमारीमुळें देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांनीं ही रात्र अमेरिकेंत नेली. तेथें सलगमाच्या दिव्याऐवजीं भोपळ्याचा दिवा झाला, आणि मृतांचें ताट जाऊन मुलांच्या खिशांत गोळ्या आल्या. मुलांच्या हातचा खाऊ काढून घेण्याची माझी इच्छा नाहीं. पण त्या मुखवट्यामागें कोणाच्या तरी आजोबांसाठीं ठेवलेलें रिकामें आसन आहे, हें त्यांना एकदां सांगावयास हरकत नसावी.

या दिवसांत कांहीं उपासक रॉसकॉमन परगण्यांतील रॅथक्रोहन येथें जातात. जुन्या कथांत कॉनॉट प्रांताच्या राणीची राजधानी होती तें हें ठिकाण. तेथें एका शेताच्या कडेला, हॉथॉर्नच्या झुडपाखालीं, 'मांजरांची गुहा' नांवाचें एक अरुंद भोंक आहे. मोरिगनचें हें घर. ख्रिस्ती लेखकानें त्याला आयर्लंडचें नरकद्वार म्हटलें. आंत शिरावयाचें तर चिखलांतून ओणवें, जवळजवळ सरपटत जावें लागतें. पुढें एकदम उंच, काळोखी पोकळी लागते. दिवे मालवून थोडा वेळ तेथें बसावयाचें, आणि पुन्हां त्याच भोंकांतून, अंगभर चिखल घेऊन, वर यावयाचें. एवढाच विधि. त्याला मंत्र लागत नाहीं.

फेब्रुवारीचा सण ब्रिजिड हिचा. तिच्यापाशीं मला जरा अधिक वेळ थांबावेंसें वाटतें. मेंढ्यांना दूध फुटूं लागतें तेव्हांचा हा सण. ब्रिजिड ही कवींची देवी, आणि तिच्या नांवाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची व एक लोहारकामाची, असें मध्ययुगीन आयरिश शब्दकोशांत नोंदलेलें आहे. पुढें याच नांवाची एक ख्रिस्ती संत झाली, आणि आयर्लंडच्या किल्डेर गांवीं तिचा मठ होता. बाराव्या शतकांत जेराल्ड नांवाचा एक वेल्श धर्मोपदेशक आयर्लंडांत येऊन गेला. त्यानें लिहिलें आहे कीं, किल्डेरला संतीणीच्या काळापासून एक अग्नि अखंड जळत आहे. त्याच्याभोंवतीं कुंपण असून पुरुषानें तें ओलांडावयाचें नाहीं. एकोणीस जोगिणी पाळीपाळीनें एकेक रात्र तो राखतात, आणि विसाव्या रात्रीं लांकडें रचून ठेवून निघून जातात. ती रात्र ब्रिजिडची. तिचा अग्नि तिनें सांभाळावा. आणि सकाळीं पाहावें तों विस्तव जिवंत असे.

सोळाव्या शतकांत मठ बंद झाले तेव्हां तो अग्नि विझला. १९९३ सालीं ब्रिजिडच्याच नांवानें चालणाऱ्या संघांतील जोगिणींनीं किल्डेरच्या बाजारचौकांत तो पुन्हां पेटविला, व तेव्हांपासून त्यांनीं तो राखला आहे. या जोगिणी कॅथलिक, हें ध्यानांत घ्यावें. तरी त्यांच्या दाराशीं जुन्या देवीचे उपासकहि येतात, आणि कोणाला कोणत्या ब्रिजिडसाठीं आलांत म्हणून कोणी हटकीत नाहीं. जे येऊं शकत नाहींत त्यांनीं दुसरी युक्ति काढली. निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या एकोणीस जणांचा एक गट होतो. प्रत्येकानें आपल्या पाळीला सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत घरांत एक दिवा राखावयाचा. विसावी पाळी ब्रिजिडची, त्या रात्रीं कोणीच दिवा लावीत नाहीं. हीं माणसें पुष्कळदां एकमेकांना कधीं भेटलेलींहि नसतात. विसावी रात्र रिकामी सोडणें, हें मला या साऱ्या उपासनेंतलें सर्वांत सुंदर अंग वाटतें. आपण सारें करतों असें न मानतां देवतेसाठीं काम शिल्लक ठेवावयाचें!

घरांत करावयाचें तें अगदीं साधें. ओढ्याकांठचें लव्हाळें विळ्यानें न कापतां हातानें उपटून आणावयाचें, त्याचा चार बाहूंचा क्रूस विणावयाचा, आणि तो दारावर लावावयाचा. गवती छपराच्या घराला आगीचें भय, त्यावर हा तोडगा. आदल्या संध्याकाळीं एक फडका बाहेर झुडपावर टाकून ठेवावयाचा. रात्रीं ब्रिजिड जातां जातां त्याला स्पर्श करते, आणि मग वर्षभर डोकेंदुखीपासून बाळंतिणीच्या वेणांपर्यंत तो उपयोगीं पडतो. २०२३ पासून या सणाची आयर्लंडांत सार्वजनिक सुटी असते. तेथील सरकारनें स्त्रीच्या नांवानें दिलेली ही पहिलीच सुटी.

एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीं दाखविली आहे ती सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. ब्रिजिड या नांवाचें जुनें रूप आणि आपला संस्कृत 'बृहती' हा शब्द मुळांत एकच. उंच, थोर असा त्याचा अर्थ. गेलिक भाषेंत गाईला 'बो' म्हणतात तो आपला 'गो'. 'दीअ' म्हणजे देव. 'री' म्हणजे राजा. यावरून त्यांचा धर्म आपल्यापासून निघाला असें म्हणणारे लोक मला भेटले आहेत. तसें कांहीं नाहीं. फार प्राचीन काळीं कोठें तरी बोलल्या जाणाऱ्या एका भाषेच्या या दोन दूरच्या लेकी आहेत, एवढेंच यावरून सिद्ध होतें. तें काय थोडें झालें?

आणि या नात्याचा सर्वांत ठळक पुरावा त्यांच्या पायांत आहे. आयर्लंडांत पवित्र विहिरी सुमारें तीन हजार मोजल्या गेल्या आहेत. विहिरीच्या यात्रेंत पाण्याभोंवतीं, झाडाभोंवतीं, दगडाभोंवतीं ठराविक फेरे घालावयाचे असतात. चुकूं नयेत म्हणून हातांत खडे घेऊन दर फेऱ्याला एकेक टाकीत जातात. हे फेरे नेहमीं सूर्याच्या गतीनें, पूज्य वस्तु उजव्या हाताला ठेवून घालावयाचे. या रीतीला त्यांचा शब्द 'देशेल'. त्यांतील मूळ शब्दाचे अर्थ दोन, उजवा आणि दक्षिण. कारण उगवत्या सूर्याकडे तोंड केलें कीं उजवा हात दक्षिणेला येतो. आपल्या 'दक्षिण' शब्दाचेहि अर्थ नेमके तेच दोन, आणि शब्दहि त्याच कुळांतला. आपण ज्याला प्रदक्षिणा म्हणतों ती तेथें पावसांत, गुडघाभर ओल्या गवतांतून, हातांत खडे घेऊन चालली आहे.

मेच्या पहिल्या दिवशीं बेल्टेन. उन्हाळा लागला, गुरें पुन्हां डोंगराकडे निघावयाचीं. नवव्या-दहाव्या शतकांतील शब्दकोशांत लिहिलें आहे कीं, द्रुइद लोक मंत्र म्हणून दोन अग्नि पेटवीत, आणि रोगराईपासून रक्षण व्हावें म्हणून गुरांना त्या दोहोंमधून हांकीत. आज ज्याच्याजवळ गाय नाहीं तो दोन मेणबत्त्यांमधून स्वतःच जातो. हें ऐकून हंसूं येतें खरें. पण आपल्या घरीं सोन्याऐवजीं आपट्याचीं पानें वाटतांना कोणी हंसत नाहीं. उंबरठ्यावर पिवळीं फुलें टाकावयाचीं, पहाटेचें दंव तोंडाला लावावयाचें, आणि त्या दिवशीं घरांतला विस्तव किंवा दूध कोणाला द्यावयाचें नाहीं. दिलें तर वर्षाचें लोणी त्याच्याबरोबर जातें. वेस्टमीथ परगण्यांतील इश्नाख टेकडी ही आयर्लंडच्या पांच प्रांतांचा जुना मध्यबिंदु. तेथील बेल्टेनचा अग्नि २००९ पासून पुन्हां पेटूं लागला, आणि २०१७ सालीं देशाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनीं तो आपल्या हातानें पेटविला. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथेंहि १९८८ पासून कॅल्टन टेकडीवर या रात्रीं मोठा अग्न्युत्सव होतो. रंगविलेलीं शरीरें, ढोल, हजारों प्रेक्षक. तो तमाशा चांगला असतो असें म्हणतात. जेथें तिकीट लागतें तेथें मी उपासना शोधावयास जाणार नाहीं.

त्यापेक्षां केरी परगण्यांत जावें. तेथें शेजारींशेजारीं दोन गोल डोंगर आहेत, उंची सातशें मीटरांच्या आंतबाहेर, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडांची एक रास, प्राचीन माणसांनीं रचलेली. दुरून पाहणाऱ्याला उताण्या निजलेल्या स्त्रीचें वक्ष दिसावें अशी ती रचना, आणि नांवहि तेंच: अनूचे स्तन. अनू ही देवांची माता, ती त्यांना पोसते, असें त्याच जुन्या शब्दकोशांत आहे. डोंगराच्या पायथ्याशीं एक दगडी गोल कोट व त्याच्या जवळ विहीर आहे. लोक त्याला नुसतें 'शहर' म्हणतात. मेच्या पहिल्या दिवशीं आसपासचे शेतकरी आपलीं गुरें येथें आणून त्यांना या विहिरीचें पाणी पाजीत. गुरें येणें विसाव्या शतकांत थांबलें, पण माणसें अजून येतात. फेरे घालतात, जपमाळ ओढतात, आणि ठरलेल्या दगडावर खड्यानें क्रूस गिरवितात. कित्येक पिढ्यांच्या गिरविण्यानें त्या दगडांत खोल चरे पडले आहेत. जपमाळ मेरीची असते, डोंगर अनूचा. या दिवशीं जे नवे उपासक तेथें जातात त्यांतले समंजस लोक मागें उभे राहतात. गांवकऱ्यांचे फेरे आधीं होऊं देतात, मग आपले घालतात.

लूनसाविषयीं थोडक्यांत सांगतों. लूची पालनकर्ती माता ताल्तू हिनें नांगरासाठीं जंगल साफ केलें, व त्या श्रमानें ती मेली. तिच्या स्मरणार्थ लूनें खेळ मांडले, तो हा सण. म्हणजे नव्या पिकाचा उत्सव हें मुळांत एका राबून मेलेल्या बाईचें श्राद्ध आहे. मॉइरा मॅकनील या विदुषीनें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभीं लोक डोंगरमाथ्यावर किंवा पाण्याकांठीं जमत अशा आयर्लंडमधील जवळजवळ दोनशें जागा शोधून दाखविल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जागा क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारीं हजारों कॅथलिक लोक तो चढतात, आणि त्यांत कांहीं अनवाणी असतात. मॅन बेटावर समुद्राचा देव मनन्नान याला उन्हाळ्याच्या मध्यास डोंगरावर लव्हाळ्याची पेंढी नेऊन देत, जणूं जमिनीचा सारा. आजहि ५ जुलैला तेथील लोकसभा उघड्या टेकडीवर भरते तेव्हां वाटेवर लव्हाळें अंथरतात.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. हें सारें ऋतूला व जागेला बांधलेलें आहे. मग ऑस्ट्रेलियांत राहणाऱ्या उपासकानें काय करावें? त्याच्याकडे नोव्हेंबरांत वसंत असतो. कांहीं जण सण सहा महिन्यांनीं फिरवितात. कांहीं तारीख धरून बसतात. तारीख तरी कोणती? १७५२ सालीं ब्रिटन व आयर्लंड यांनीं नवें कॅलेंडर घेतलें व अकरा दिवस गाळले; त्यामुळें जुनें साउइन आजच्या ११ नोव्हेंबरच्या सुमारास येतें. म्हणून कांहीं जण तारीख सोडून हॉथॉर्न फुलला कीं बेल्टेन मानतात. बर्फांत संक्रांतीचे लाडू वळणाऱ्या परदेशस्थ मराठी घरांना ही अडचण सांगावयास नको. पण आपल्या माणसाला निदान पंचांग आहे, आणि शंका आली तर आईला दूरध्वनि करतां येतो. यांना आई नाहीं. यांच्या आईच्या जागीं एक हस्तलिखित आहे आणि शाळकरी मुलांच्या वह्या आहेत.

यामुळें उतावळ्या माणसांचें फावतें. विहिरीजवळच्या झाडाला चिंधी बांधावयाची रीत जुनी. चिंधी कुजते तशी व्याधि ओसरते, ही त्यामागची समजूत. आज लांबलांबून येणारे लोक तेथें नायलॉनच्या फिती व प्लास्टिकच्या माळा बांधतात. नायलॉन कुजत नाहीं. तेव्हां जुन्या समजुतीप्रमाणें यांची व्याधि जन्मभर यांच्याजवळच राहणार! फांद्या आवळून झाडें मात्र मरतात. दगडी वारुळांत व थडग्यांत लावलेल्या मेणबत्त्यांनीं दगड काळे पडतात, तडकतात. ज्या देवतेचा देह हीच भूमि, तिला डाग देऊन तिची पूजा कशी होते हें मला कळत नाहीं. आणि जाणते उपासकहि याच कारणानें संतापतात. त्यांतले कांहीं पिशवी घेऊन जातात व आधीं आलेल्यांच्या फिती सोडवून आणतात. नैवेद्य म्हणून दूध, लोणी, भाकरी, घोटभर व्हिस्की. जें जमिनींत मुरेल तेंच.

भाषेचेंही असेंच आहे. २०२२ च्या खानेसुमारींत, शाळेचा तास सोडून रोज आयरिश बोलणारे लोक आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत सुमारें ७२,००० निघाले. देवांचीं नांवें, डोंगरांचीं नांवें, फेऱ्याचा शब्द, सारें त्या भाषेंत. इंग्रजींतून या देवांना हांक मारणारा माणूस चार सण हौसेनें करील आणि पांचव्याला कंटाळेल. जो रोज संध्याकाळीं अर्धा तास अवघड व्याकरण घोटतो, जो विहिरीचा गाळ काढावयास गांवकऱ्यांबरोबर उतरतो, जो आपल्या पाळीच्या रात्रीं दिव्याजवळ जागतो, त्याला सोंग म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. त्याचे मंत्र नवे असतील, पण त्याचे कष्ट कोणाची नक्कल नव्हेत.

परंपरा सर्वस्वीं तुटली असेंहि नाहीं. स्कॉटलंडांत पर्थशायरमध्यें ग्लेन लायन नांवाचें एक लांब खोरें आहे. त्याच्या एका निर्जन फांट्यांत, वाटेपासून दूर, ओढ्याकांठीं गुडघ्याएवढें एक दगडी घरकुल आहे. वर हिरवळीचें छप्पर. त्यांत ओढ्याच्या पाण्यानें घासून विचित्र आकार आलेले कांहीं दगड राहतात. त्यांतला मोठा ती 'काल्यख', म्हणजे हिंवाळ्याची म्हातारी. दुसरा म्हातारा, आणि एक त्यांची मुलगी. कथा अशी कीं, एका हिमवादळांत हें जोडपें खोऱ्यांत आलें. लोकांनीं त्यांना थारा दिला, घर बांधून दिलें, आणि जातांना त्यांनीं सांगितलें कीं हे दगड सांभाळाल तोंवर कुरणें हिरवीं राहतील. त्या खोऱ्यांतील धनगर व रानाचे राखणदार यांनीं पिढ्यान्‌पिढ्या हें काम केलें आहे. स्वतःला कोणत्याहि जुन्या धर्माचे अनुयायी म्हणविण्याची त्यांना कधीं गरज पडली नाहीं. बेल्टेनला म्हातारीला, म्हाताऱ्याला व मुलीला बाहेर काढून दारापुढें, खोऱ्याकडे तोंड करून ठेवतात. साउइनला उचलून आंत ठेवतात, दारावर दगड लावतात, आणि वारा शिरूं नये म्हणून फटींतून शेवाळ दाबून भरतात. मग मेपर्यंत तिकडे कोणी जात नाहीं.